बुऱ्हाणकोटातलं शेवटचं घर

सीना नदी नगर सोडून खाली उतरते आणि एका ठिकाणी सावकाश वळते. त्या वळणाच्या पोटात बुऱ्हाणकोट आहे. आम्ही नुसतं कोट म्हणतो. लांबून बघणाऱ्याला तो डोंगरच वाटतो. काळा, बसका, वरून सिताफळींच्या झाडीने हिरवा. जवळ गेलं की डोंगराला दार दिसतं.

माझ्या लहानपणी कोटात घरं होती. मग ती एकेक कमी होत गेली आणि शेवटी एकच राहिलं, शमशेर बागवानाचं. आता तेही नाही. ही हकीकत शमशेरची आहे. तो काही नावाजलेला माणूस नव्हता. त्याने जन्मभर सिताफळं विकली, एक लग्न केलं, एक मुलगा वाढवला, आणि म्हातारपणी एकच गोष्ट मागितली: मेल्यावर मला कोटात, माझ्या बायकोच्या बाजूला पुरा. एवढंही त्याला मिळालं नाही. का मिळालं नाही ते सांगतो. पण आधी कोट सांगितला पाहिजे. कोट कळल्याशिवाय शमशेर कळायचा नाही.

निजामशाहीत हे शहर होतं, असं आमचे म्हातारे सांगत. तांबटांची पेठ वेगळी, विणकरांची वेगळी, अत्तर काढणाऱ्यांची वेगळी. नगरच्या अंगाला हत्ती दरवाजा, नदीच्या अंगाला पाणदरवाजा. लांबच्या टेकडीवरून जमिनीखालच्या खापरी नळातून पाणी यायचं आणि मशिदीपुढच्या हौदात कारंजं होऊन उडायचं. महादेवाचं देऊळ तटाच्याही आधीचं. तट बांधणाऱ्याने देवळाला धक्का लावला नाही, तटालाच वळसा दिला. म्हणून उगवतीकडे कोट आजही वाकडा आहे. संध्याकाळी दरवाजे लागायचे तेव्हा नौबत वाजायची, आणि ती ऐकून नदीपलीकडच्या रानातला माणूस औत सोडायचा.

मग नगरचं राज्य गेलं. त्यानंतर जो जो आला त्याने आपली फौज दुसरीकडे हलवली आणि कोटाला विसरून गेला. फौज गेली की बाजार जातो. बाजार गेला की विणकर जातो. मागे राहतो तो, ज्याला जायला जागा नाही. माणसं म्हणतात, तोफांनी कोट पाडला. कोटावर कधी तोफ डागल्याचं आमच्याकडे कुणी सांगत नाही. कोट आम्हीच पाडला. ज्याला घर बांधायचं होतं त्याने तटाचा दगड काढला. ज्याच्या रानात जोर नव्हता त्याने कोटातली पांढरी गाडीत भरून नेली. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती; किती पिढ्यांच्या चुली, राखा, भिंती आणि माणसं मिळून झालेली. ती पिकाला मानवते. आमच्या गावची ज्वारी कोट खाऊन वाढली आणि आम्ही ती ज्वारी खाऊन वाढलो.

बहात्तरच्या दुष्काळात हौदाचा तळ उघडा पडला, तेव्हा उरलेली घरंही सडकेला येऊन बसली. तिथे नवं गावठाण पडलं, एसटी थांबायला लागली, शाळा आली. शमशेरचा बाप तेवढा हलला नाही. त्याचं पोट सिताफळीवर, आणि सिताफळीला पडकी भिंत आवडते. जिथे विटा आणि चुना फुटून माती झालेली असते तिथे ती आपोआप उगवते. कोटातल्या सगळ्या पेठा अशा सिताफळींनी भरून गेल्या होत्या. फळ लहान, बिया फार, पण गोडी अशी की बोटं चिकटायची. फळाचे डोळे उघडले, खाचांतून पांढरी रेघ दिसली, की शमशेर ते अलगद काढायचा, गवत घातलेल्या पाटीत मांडायचा आणि नगरजवळच्या भिंगारच्या बाजारात नेऊन बसायचा. भिंगारातच त्याचं लग्न जमलं.

मध्यस्थाने मुलीच्या बापाला सांगितलं होतं, "मुलगा कोटात राहतो. दारात हत्ती दरवाजा हाय, आत हमामखाना हाय, मशिदीपुढं कारंजं हाय." त्यात खोटं काहीच नव्हतं. खातून बैलगाडीतून उतरली, घुंगट वर करून तिने पडकी कमान बघितली, कमानीतून आलेली बाभळ बघितली, आणि नवऱ्याला पहिला शब्द बोलली.

"हत्ती कुठं हायत?"

"चरायला गेलेत," शमशेर म्हणाला.

"मग मी हितंच बसते. हत्ती आले की मिरवत नेतील मला आत."

आणि ती खरोखर कमानीखाली दगडावर बसली. सासू पाण्याचा तांब्या घेऊन आली, हसून हसून तिच्या तांब्यातलं पाणी सांडलं, तेव्हा कुठे नवरी उठली. ही गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात. कुणी मोठ्या मोठ्या बाता मारायला लागला की म्हातारी माणसं विचारतात, "हत्ती चरायला गेलेत का रं?"

पण हसण्यावारी नेलं तरी खातूनला कोट कधी मानवला नाही. ती भिंगारच्या भर बाजारातली. तिथे पहाटे छावणीतल्या पलटणीचं बिगूल वाजायचं, मग पाववाला, मग हातगाड्या, मग दिवसभर माणूस माणसाला हाका मारायचा. इथे घुबड आणि मोर. दुपारच्या वेळी विणकरांच्या पेठेतून ती पाणी घेऊन येताना मोठमोठ्याने बोलत यायची. एकदा मी विचारलं, "भाभी, कुणाशी बोलताय?" तर म्हणाली, "कुणाशी न्हाई. भिंतींना कळू दे, माणूस हाय म्हणून." तिला भीती भुताखेताची नव्हती. एवढं मोठं शहर होतं आणि आता कुणीच नाही, याची होती.

"मला एकटीला हितं ठेवून रातच्याला कुठं जाऊ नका," असं तिने शमशेरला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्याने ते जन्मभर पाळलं. बाजार किती का तेजीत असेना, दिवस मावळायच्या आत तो हत्ती दरवाजात असायचा. बहिणीच्या लग्नालासुद्धा तो मुक्कामाला राहिला नाही. माणसं चिडवायची, "शमशेर, बायकोनं खुंटीला बांधलंय व्हय?" तो म्हणायचा, "बांधलंय. दावं लांब हाय, भिंगारपातुर पुरतं."

त्यांचा मुलगा आदिल मोठा झाला आणि भिंगारला जाऊन राहिला. तिथे त्याचं लोखंडी खिडक्या-दरवाजे करायचं दुकान. तो आईला न्यायला कितीदा आला. ती जायला तयार असायची, पिशवी भरायची, आणि मग नवऱ्याकडे बघून पिशवी रिकामी करायची. शमशेरला कोट सोडवत नव्हता आणि तिला शमशेर सोडवत नव्हता. असं करता करता आयुष्य गेलं.

ती गेली थंडीत. छातीत कफ झाला होता. दवाखान्यातून आणल्यावर तिने शमशेरचं मनगट धरलं आणि सांगितलं, "मला मशिदीमागं ठेवाल. पण बाजूची जागा कुणाला देऊ नका. ती तुमची. मला हितं एकटीला भ्या वाटतंय."

"येतो," शमशेर म्हणाला. "तू हो पुढं. येतोच मी."

मशिदीच्या मागे जुनं कबरस्तान आहे. त्यात शहराच्या काळातल्या कबरी आहेत, घडीव दगडाच्या, आणि नंतरच्या गरिबांच्या नुसत्या मातीच्या आहेत. खातूनला तिथे ठेवलं. शमशेर रोज सकाळी तिथे जाऊन बसायला लागला. आदिल म्हणाला, "अब्बा, आता तरी चला." शमशेर म्हणाला, "तिला एकटीला टाकून?" आणि विषय तिथेच संपला.

पुढच्या थंडीत कोटाच्या दरवाजात पाटी लागली. कोट संरक्षित होणार होता. गावाला आनंद झाला; आम्हालाही झाला. निदान आता दगड तरी जाणार नाहीत. पुरातत्त्व खात्याचे एक साहेब जीपमधून आले. भला माणूस होता, चपला काढून देवळात गेला, डोकं झाकून मशिदीत गेला. परत येताना ते शमशेरच्या ओट्यावर टेकले. कारभारी तिथेच होता. कारभारी म्हणजे शमशेरचा जिवाचा दोस्त, शेळ्या राखणारा. दोघं लहानपणी एकाच हौदात पोहायला शिकलेले.

साहेब म्हणाले, "बाबा, हरकती ऐकून झाल्या की नोटीस पक्की होईल. त्यानंतर आत नवीन बांधकाम नाही, खोदकाम नाही. घराचंही पुढे बघावं लागेल."

"आन पुरायचं?" शमशेरने विचारलं.

"गावाला सडकेजवळ नवं कबरस्तान आहे ना?"

"हाय. पण माझी बायको हितं हाय."

साहेब म्हणाले, "जुन्या कबरींना कुणी हात लावणार नाही. त्या आहेत तशा राहतील. नव्याची परवानगी मला देता येणार नाही, बाबा."

"जुनी म्हंजे किती जुनी?"

"नोटीस पक्की व्हायच्या आधीची."

साहेब सरळ बोलले, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण शमशेरने ते वाक्य उचललं आणि चार दिवस चघळलं. मग कारभारीला म्हणाला, "कबर आधी खनून ठिवली तर ती जुनीच की."

जुन्या लोकांत तशी चाल होतीच. शमशेरच्या आज्याने स्वतःची कबर जिवंतपणी खणून ठेवली होती. पण रिकामी कबर ठेवायची नाही. रिकामी कबर माणूस मागते म्हणतात. म्हणून ती धान्याने भरायची आणि वर फरश्या टाकायच्या. वर्षाच्या वर्षाला बरातेच्या, म्हणजे मेलेल्यांची आठवण करायच्या सणाला ते धान्य गोरगरिबांना वाटून टाकायचं आणि नवं भरायचं. ज्याची कबर त्याच्या हातून असं दान होत राहतं, आणि जागाही धरून राहते. एक मात्र पथ्य होतं. त्या कबरीचं नाव तोंडाने काढायचं नाही. कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. नाव काढलं की ती जागी होते.

"मरायच्या आधीच घरभरणी करतोस व्हय लेका?" कारभारी म्हणाला.

"तुला जेवायला बोलावतो की."

"मला नगं तुझं जेवान. वांगी तरी करशील का नुसतीच माती वाढशील?"

दोघं हसले. मग कारभारीने कुदळ आणली. मातीला हात मात्र शमशेरनेच लावला; दुसऱ्याला लावू दिला नाही. पंच्याहत्तरी गाठलेला माणूस, सकाळच्या उन्हात खातूनच्या बाजूला थोडं थोडं खणायचा आणि दमला की तिच्या उशाशी बसायचा. पांढरी माती मऊ असते. खणताना खापऱ्या निघाल्या, एक फुटकी पणती निघाली, कधीकाळच्या चुलीची राख निघाली. त्याने ते सगळं बाजूला, झाडाखाली नीट ठेवलं. कारभारीने आपल्या घरची बाजरी दिली. दिवस मावळताना दोघांनी पोती वाहून आणली, कबर भरली, फरश्या बसवल्या, वर माती लोटली. घरी जाताना कारभारीने वचन दिलं, "माज्या तोंडून ब्र निघायचा न्हाई."

पोती आत नेताना त्यांना श्रीमंतने बघितलं.

श्रीमंतबद्दल सांगायला हवं. तो पूर्वी जेसीबी चालवायचा. एकदा पाया खणताना कुणा परगावच्या माणसाला जुनी नाणी सापडल्याचं त्याने ऐकलं, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात गुप्तधन शिरलं. त्याने मोबाईलवर बघून धातू शोधायचं यंत्र मागवलं होतं. ते यंत्र कोटात सगळीकडे वाजायचं, कारण सगळीकडे घोड्यांचे नाल आणि खिळे पडलेले. गाव त्याला हसायचं. पण हसता हसता यंत्राकडे बघायचंही. कोटाखाली राहणाऱ्या माणसाच्या मनात कुठेतरी एक हंडा असतोच. तो आमच्या रक्तात आहे. ज्याच्या आज्याने तटाचा दगड काढला त्यानेही दगडाखाली वाकून बघितलेलं असतं.

श्रीमंतने पोती बघितली. कुठून कुठे चालली होती ते अंधुक उजेडात त्याला नीट दिसलं नाही, आणि त्याला बघायचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मशिदीमागे जाऊन आला. ताजी माती बघितली. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चार माणसांत त्याने शमशेरला गाठलं.

"चाचा, घावला म्हनं?"

शमशेर बशीतला चहा फुंकत राहिला.

"सोन्याचा का चांदीचा?"

"तुज्या डोक्यायवढा हाय," कारभारी म्हणाला, "आन तसाच आतून पोकळ."

टपरी हसली. पण शमशेर काही बोलला नाही, आणि तेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. शमशेर कुणाच्या थट्टेला उत्तर दिल्याशिवाय राहणारा माणूस नव्हता. तो गप्प बसतो म्हणजे पोटात काहीतरी आहे.

गोष्ट वाढत गेली. आधी हंडा होता, मग हंडे झाले. शेवटी पोलीस पाटील सत्यशीला चालत कोटात आली. चांगली बाई, शमशेरच्या अंगाखांद्यावर खेळलेली.

"चाचा, लोक काय काय बोलत्यात. मशिदीमागं तुमी काय पुरलंय?"

"त्याचं नाव काढायचं न्हाई, पोरी."

"कशाचं?"

"तेच तर सांगता येत न्हाई."

"चाचा, मला वर इचारत्यात. तुमी मला लई अवघड करून ठिवताय."

"वाईट काय न्हाई त्यात. तुज्या चाचीची शप्पत."

सत्यशीलाने त्याच्यावर विश्वास ठेवला आणि परत गेली. तिने विश्वास ठेवला नसता, तिथल्या तिथे फरशी उचलायला लावली असती, तर सगळ्या गावाला बाजरी दिसली असती आणि गाव खजील होऊन घरी गेलं असतं. पण भल्या माणसाच्या शपथेवर भल्या माणसाने किती संशय घ्यायचा?

ईद आली. आदिल बायकोला, अल्मासला घेऊन आला. अल्मासने सासऱ्यासाठी नवा सदरा शिवून आणला होता. "अब्बा, शिरखुर्मा हितं आणून देणार न्हाई मी," ती म्हणाली, "तिथं येऊन खायचा. दोन दिवस तरी." शमशेर नाही नाही म्हणत होता. कारभारीच म्हणाला, "जा रं. ती काय पळून जात न्हाई. मी हाय की शेळ्या घेऊन." शमशेर खातूनच्या कबरीपाशी गेला, काहीतरी पुटपुटला, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिला सोडून कोटाबाहेर मुक्कामाला गेला.

आदिलबरोबर परत आला तेव्हा कारभारी हत्ती दरवाजात उभा होता. शेळ्या बरोबर नव्हत्या.

"आलास? चल, आधी चहा घिऊ सडकंला."

"आत्ताच घेतला."

"आजून घिऊ. चल तर खरं."

"बाजूला हो, कारभारी."

कारभारी बाजूला झाला नाही. शमशेरने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला हाताने सारून तो आत गेला.

नव्या कबरीच्या फरश्या उलथ्या पडल्या होत्या. बाजरी चहूकडे सांडली होती आणि साळुंक्यांचा थवा ती टिपत होता. खणणाऱ्यांनी तळापर्यंत बाजरी उपसली होती. खाली काहीच नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं असणार, म्हाताऱ्याने वरून धान्य दाखवून माल बाजूला सरकवला. मग त्यांनी बाजूची उघडली. आणि तशीच उघडी टाकून गेले.

शमशेर ओरडला नाही. त्याने अंगातला ईदचा नवा सदरा काढला, खाली उतरला आणि तो तिच्यावर घातला. मग बाहेर येऊन गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती लोटायला लागला. आदिल खाली वाकला तर त्याने त्याला हात लावू दिला नाही. गाव जमलं होतं. सत्यशीला तोंडाला पदर लावून उभी होती. श्रीमंतही होता. तो खाली बघत होता. पण त्या दिवशी सगळेच खाली बघत होते.

पंचनामा झाला. ठाण्यातून माणसं आली, ज्याला त्याला विचारून गेली. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. खणणारा एकटा नव्हता एवढं सगळ्यांना कळत होतं, आणि आपल्या घरातलं कुणी त्यात असेल याची भीती प्रत्येक घराला होती.

साहेबही आले. त्यांनी दुसऱ्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. "हा कुणी काढला होता?"

"म्या," शमशेर म्हणाला.

"का?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. शमशेरने सगळं सांगितलं. बाजरी, बरात, आज्याची चाल. "तुमी जुनी म्हनला, साहेब. म्हनून म्या आधीच जुनी करून ठिवली."

नोटीस पक्की झालेली नसली तरी परवानगीशिवाय खणणं हाही कायद्याने गुन्हाच होता. साहेबांनी तो पुढे नेला नाही. पण कबरस्तानाला तारेचं कुंपण आणि कुलूप घालण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. घरही आता खाली करावं लागणार होतं. जाताना त्यांनी सत्यशीलाला बाजूला घेतलं आणि एक गोष्ट सुचवली. रीतसर अर्ज दिला तर तुटलेली कबर सडकेजवळच्या नव्या कबरस्तानात हलवायची परवानगी मिळवून देता येईल. मग तिच्या बाजूला जागा राखता येईल. मौलवींना विचारलं. तेही म्हणाले की एरवी हलवू नये, पण इथे आता राखण होत नाही तर इलाज नाही.

सत्यशीला धावतच ओट्यावर आली. "चाचा, झालं! चाचीला तिकडं नेऊ. तुमची जागा तिच्या बाजूला. गाव पन जवळ, रस्ता पन जवळ."

आदिलच्या डोळ्यांत पाणी आलं. कारभारी म्हणाला, "आजच दे अर्ज." आम्हा सगळ्यांना वाटलं, एवढं वाईट झालं पण शेवटी मार्ग निघाला.

शमशेर उठून मशिदीमागे गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा ओट्यावर बसला नाही, उभ्यानेच बोलला.

"न्हाई हलवायची."

"अब्बा?"

"एकदा उठवलं तिला. ते पन माज्यापायी. मी जागा धरायला गेलो म्हनून. आता मला झोपायला बाजू पायजे म्हनून परत उठवू? न्हाई. ती हाय तिथं निजू दे."

"पण मग तुम्ही कुठं..."

"मी कुठंबी मावतो."

आदिल हट्टाला पेटला. "अम्मीला तुम्ही जबान दिली होती, अब्बा. ती एकटी राहील हितं. तिला भ्या वाटायचं, तुमाला म्हाइत हाय."

"दिली हुती," शमशेर म्हणाला. "मोडली."

त्यानंतर तो त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. मौलवी समजावून गेले, सत्यशीला रडून गेली, कारभारीने शिव्या दिल्या. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर आदिलचा टेम्पो आला. सामान ते किती. दोन ट्रंका, एक लोखंडी पलंग, खातूनची शिवणाची मशीन, सिताफळाच्या रिकाम्या पाट्या. पाट्या अल्मास ठेवून चला म्हणाली, पण त्याने त्या घेतल्या. घराला कुलूप लावलं नाही. पुढे त्याच्या भिंती साफसफाईत काढल्या गेल्या. त्या जुन्या नव्हत्याच, जुन्या दगडांच्या होत्या. ते दगड परत तटाला लागले. सिताफळीही गेल्या, कारण त्यांच्या मुळ्या भिंती फोडतात. ते खरंच आहे. आता कोट नीटनेटका दिसतो. पेठांचे रस्ते मोकळे झाले, हौदाला कठडा आला. रविवारी पोरंपोरी येतात, कमानीत उभी राहून फोटो काढतात. कोटाला इतकी माणसं कितीतरी वर्षांनी मिळाली, पण दिवस मावळला की एकही नसतो.

कारभारी अधूनमधून भिंगारला जायचा. एकदा मीही बरोबर गेलो. शमशेर दुकानासमोर खुर्चीवर बसला होता. रस्त्यावर गर्दी होती, आदिलचं वेल्डिंग तडतडत होतं. तो थकला होता, पण कारभारीला बघून सावरून बसला.

"शेळ्या कशा हायत?"

"तुज्यापेक्षा बऱ्या."

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "कुंपनातनं दिसती का रं ती?"

"न्हाई. गवत माजलंय लई."

"मग बरं हाय," शमशेर म्हणाला. आणि लगेच दुसरं काहीतरी विचारलं. बाजरीला कणसं धरली का, असं काहीतरी.

दिवाळी होऊन गेल्यावर तो गेला. आजार काही नव्हता. अल्मास चहा घेऊन गेली तेव्हा तो उठला नाही, एवढंच. आदिलचा फोन आला, आणि गावातून टेम्पो भरून माणसं निघाली. श्रीमंतही टेम्पोत चढला. त्याला कुणी उतर म्हटलं नाही, आणि कुणी सरकून जागाही दिली नाही. तो भिंगारपर्यंत उभा होता.

तिथलं कबरस्तान मोठं आहे आणि भरलेलं आहे. जुन्या कबरी खचल्या की त्यावरच नवी जागा काढतात. खातूनचे आईबाप त्यातच कुठेतरी आहेत. पण कुठे ते दाखवणारं कुणी उरलं नव्हतं. आदिलने दोघातिघांना विचारलं आणि मग सोडून दिलं. भिंतीकडेला एक रिकामी जागा होती. तिथे शमशेरला ठेवलं. नमाज झाली, सगळ्यांनी माती दिली. आम्हीही दिली.

माणसं पांगल्यावर कारभारी तिथेच उभा राहिला. एका अंगाला वाळकं गवत उगवलेला उंचवटा होता, दुसऱ्या अंगाला तसाच एक. त्याने खणणाऱ्याला विचारलं, "ह्या बाजूला कोन हाय? आन त्या बाजूला?"

खणणारा फावडं झटकत होता. "म्हाइत न्हाई बाबा," तो म्हणाला. "हितं कोन कुनाला इचारतंय."

कारभारीने मान हलवली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आम्ही जाऊन बसलो.